वाचकांचे प्रश्न : ‘डायरेक्ट’च्या रकान्यात हरवलेले गिऱ्हाईक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरत होती : फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर टाकलेल्या लिंकवरून आपल्या वेबसाइटवर नेमके किती लोक आले, हे कसे ओळखावे? त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढील उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आमचा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा कारखाना आहे. वर्षापूर्वी वेबसाइट केली. रोज सकाळी नवे डिझाइन फेसबुक पेजवर आणि इन्स्टाग्रामवर टाकतो आणि तीच लिंक व्यापाऱ्यांच्या सात-आठ व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. वेबसाइटवरील भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनॅलिटिक्समध्ये मात्र निम्म्याहून अधिक भेटी ‘डायरेक्ट’ या नावाखाली दिसतात आणि ‘ऑरगॅनिक सोशल’ (सोशल मीडियावरील फुकटच्या पोस्टवरून आलेल्या भेटी) यासमोरचा आकडा अगदीच किरकोळ असतो. धाकटे बंधू म्हणतात की लोक आपला पत्ता स्वतः टाइप करून येतात, तेव्हा सोशल मीडियावर लावलेला माणूस कमी करावा. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि माणूस कमी करण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. ‘डायरेक्ट’ या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. त्याचा अर्थ ‘पत्ता टाइप करून थेट आलेला’ असा लावला जातो. प्रत्यक्षात मात्र ज्या भेटीचा उगम ॲनॅलिटिक्सला कळला नाही, ती प्रत्येक भेट या रकान्यात टाकली जाते. पत्ता टाइप करून आलेले लोक त्यात असतात, पण त्यांच्याबरोबर इतरही बरेच असतात.

असे का होते ते पाहू. ब्राउझर एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो तेव्हा आधी कोणते पान उघडे होते याची माहिती तो नव्या पानाला देतो. तिला ‘रेफरर’ म्हणतात. एखाद्या वृत्तपत्राच्या वेबसाइटवरून कोणी आपल्याकडे आले, तर ते वृत्तपत्र अहवालात दिसते ते याच माहितीमुळे. व्हॉट्सॲप मात्र वेबपान नसून मोबाइलमधले ॲप आहे. हैदराबादच्या एखाद्या व्यापाऱ्याने ग्रुपमध्ये आपली लिंक दाबली की ब्राउझर नव्याने उघडतो आणि त्याच्यापाशी मागील पान असे काही नसतेच. त्यामुळे तो बहुतेक वेळा काहीही न सांगता आपल्या दारात येतो आणि ‘डायरेक्ट’ ठरतो. एसएमएस, मोबाइलमधील ईमेलचे ॲप आणि पीडीएफ कॅटलॉगमधील लिंक यांचीही हीच गत होते. अशा न दिसणाऱ्या वर्दळीला ॲलेक्सिस मॅड्रिगल या अमेरिकी पत्रकाराने २०१२ साली ‘डार्क सोशल’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आपल्याकडचा घाऊक व्यवहार व्हॉट्सॲपवर इतका चालतो की सोलापूरच्या कापड व्यापाऱ्याच्या अहवालात हा अदृश्य भाग मोठा असणे स्वाभाविक आहे.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची स्थिती थोडी बरी आहे. तेथे दाबलेली लिंक आधी त्यांच्या स्वतःच्या एका तपासणी-पत्त्यावरून जाते, म्हणून अहवालात ‘एल डॉट फेसबुक डॉट कॉम’ किंवा ‘एल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम’ अशा ओळी दिसतात. मात्र कोणत्या पोस्टवरून माणूस आला हे त्यावरून समजत नाही. २०२० पासून क्रोम ब्राउझर दुसऱ्या वेबसाइटला, वेगळी सूचना नसेल तर, मागील पानाचा पूर्ण पत्ता न देता फक्त मुख्य नाव देतो. लिंकच्या शेवटी फेसबुक ‘एफबीक्लिड’ नावाची जी लांबलचक अक्षरमाळ जोडते, ती त्यांच्या स्वतःच्या हिशेबासाठी असते. तिच्यावरून गूगल ॲनॅलिटिक्स भेटीचा उगम ठरवत नाही.

यावर उपाय एकच आहे, आणि तो फुकट आहे : लिंक पाठवण्यापूर्वीच तिच्यावर आपली खूण करावी. या खुणांना ‘यूटीएम’ म्हणतात. पूर्ण नाव ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’. अर्चिन ही वेबसाइटची वर्दळ मोजणारी कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि तिच्याच पायावर गूगल ॲनॅलिटिक्स उभे राहिले. कंपनीचे नाव मागे पडले, खूण मात्र टिकली.

आपल्या नॅपकिनच्या पानाचे उदाहरण घेऊ. पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायचे आणि त्याला जोडून, मध्ये कोठेही जागा न सोडता, असे लिहायचे : ‘?यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप&यूटीएम_मीडियम=सोशल&यूटीएम_कॅम्पेन=दिवाळी&यूटीएम_कंटेंट=हैदराबाद’. येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहे. प्रत्यक्ष लिंकमध्ये हे सर्व इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावे. ‘सोर्स’ म्हणजे लिंक कोठे टाकली, ‘मीडियम’ म्हणजे कोणत्या प्रकारच्या मार्गाने, ‘कॅम्पेन’ म्हणजे कशानिमित्त आणि ‘कंटेंट’ म्हणजे त्यातील नेमकी कोणती लिंक. ‘टर्म’ नावाची पाचवी खूण शोधशब्दांच्या जाहिरातींसाठी आहे, तिची आपल्याला गरज नाही. आपल्या सात-आठ ग्रुपपैकी प्रत्येकासाठी ‘कंटेंट’मध्ये वेगळे नाव दिले, तर मुंबईचा ग्रुप किती माणसे पाठवतो आणि हैदराबादचा किती, हे महिन्याभरात आकड्यांत दिसू लागेल. पत्त्यात आधीच एक प्रश्नचिन्ह असेल तर दुसरे देऊ नये, तेथे ‘&’ हे चिन्ह वापरावे. ही जोडणी हाताने करणे जड वाटत असेल, तर गूगलचे ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ हे पान चौकटी भरल्या की तयार लिंक देते.

‘मीडियम’च्या शब्दाबद्दल विशेष काळजी घ्यावी, कारण भेट कोणत्या गटात मोजायची हे ॲनॅलिटिक्स बरेचसे त्यावरून ठरवते. तेथे ‘सोशल’ लिहिले तर भेट ‘ऑरगॅनिक सोशल’मध्ये जाते. कोणी हौसेने ‘ग्रुप-मेसेज’ असे स्वतःचे शब्द घातले, तर ती भेट ‘अनअसाइन्ड’ (कोणत्याच गटात न बसणाऱ्या भेटी) या गटात जाऊन पडण्याचा संभव असतो आणि एका अंधारातून काढलेले गिऱ्हाईक दुसऱ्या अंधारात जाते.

दुसरी काळजी अक्षरांची. येथे लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगवेगळी धरली जातात. गेल्या दिवाळीनंतर चादरींचे दुकान असलेल्या एका परिचितांबरोबर मी त्यांचा अहवाल पाहत बसलो होतो. फेसबुकच्या तीन ओळी होत्या : एकीचे पहिले अक्षर मोठे, दुसरीत सगळी लहान, तिसरीत नुसते ‘एफबी’. वडील, मुलगा आणि दुकानातील मदतनीस अशा तिघांनी आपापल्या सवयीने लिंक केल्या होत्या. तिन्ही ओळी कागदावर मांडून बेरीज केली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की ज्या फेसबुकला ते तिसऱ्या क्रमांकाचे समजत होते, ते त्यांच्या दुकानासाठी पहिल्या क्रमांकाचे होते. म्हणून कारखान्यात एक वही किंवा एक्सेलचा तक्ता ठेवावा, त्यात ठरलेले शब्द लिहावेत आणि नवी लिंक करणाऱ्याने तो तक्ता समोर ठेवल्याशिवाय लिंक करू नये. मी पाहिलेल्या अहवालांत मोजमाप बिघडले ते बहुतेक या शिस्तीअभावी. तांत्रिक दोष क्वचितच आढळला.

आपल्याच वेबसाइटच्या आतल्या लिंकवर, म्हणजे मुखपृष्ठावरून टॉवेलच्या पानावर नेणाऱ्या बटणावर, ही खूण कधीही लावू नये. तसे केल्यास बाहेरून आलेल्या माणसाचा खरा उगम त्या आतल्या खुणेखाली झाकला जातो.

लिंक तयार झाली की ती स्वतःच्या मोबाइलवर, व्हॉट्सॲपमधूनच उघडून पाहावी आणि त्याच वेळी संगणकावर ॲनॅलिटिक्सचा ‘रिअलटाइम’ अहवाल लावून ठेवावा. त्यात मागील ३० मिनिटांतील भेटी दिसतात. आपली भेट खुणेसह दिसली तर काम झाले. न दिसल्यास वेबसाइट मधल्या एखाद्या पत्त्यावरून वळवली जात असावी आणि त्या वळणावर खूण गळत असावी. वेबसाइट करणाऱ्याला नेमके एवढे सांगितले तरी पुरे. पुढे नियमित पाहण्यासाठी ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’ हा अहवाल उघडून त्यात ‘सेशन सोर्स / मीडियम’ हा रकाना निवडावा. शेजारचा ‘यूजर ॲक्विझिशन’ हा अहवाल माणूस पहिल्यांदा कोठून आला ते सांगतो, त्यामुळे दोहोंतील आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नये.

दोन मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. आपली व्हॉट्सॲपची लिंक कोणी उचलून फेसबुकवर चिकटवली, तर तेथून येणारे लोकही व्हॉट्सॲपच्याच नावावर जमा होतील. आणि खूण मागील काळाला लागू होत नाही. गेल्या वर्षभरातील ‘डायरेक्ट’मध्ये सोशल मीडियाचा वाटा किती होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून बंधूंना माझी विनंती आहे की खुणा लावून पूर्ण दोन महिने जाऊ द्यावेत आणि त्यानंतरच त्या माणसाच्या कामाचा हिशेब मांडावा.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथून घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात केली. जाहिरातीच्या हिशेबात जेवढे क्लिक दाखवले आहेत, त्याच्या जेमतेम निम्म्या भेटी ॲनॅलिटिक्समध्ये दिसतात. उरलेले पैसे पाण्यात गेले असे समजायचे का?

उत्तर : आपले पैसे कष्टाचे आहेत, त्यामुळे शंका येणे रास्त आहे, पण हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. सर्वप्रथम जाहिरातीच्या हिशेबात आपण कोणता रकाना वाचत आहात ते पाहावे. ‘क्लिक्स (ऑल)’ या रकान्यात फोटोवर दिलेली पसंती, प्रतिक्रिया, आपल्या प्रोफाइलवर केलेली टिचकी असे सर्व काही येते. ‘लिंक क्लिक्स’मध्ये केवळ लिंक दाबणारे येतात. ‘लँडिंग पेज व्ह्यूज’मध्ये, आपल्या वेबसाइटवर मेटाचा (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे पान उघडल्याची नोंद घेणारी छोटी आज्ञावली, बसवलेला असल्यास, पान खरोखर उघडलेले लोक मोजले जातात. ॲनॅलिटिक्सच्या ‘सेशन्स’शी (भेटींशी) तुलना करायचीच असेल तर ती या तिसऱ्या रकान्याशी करावी.

‘लिंक क्लिक्स’ आणि भेटी यांतही मोठी तफावत असेल, तर पान उघडायला वेळ लागतो का ते तपासावे. क्लिक मोजला जातो तो बोट टेकताक्षणी. भेट मोजली जाते ती पान उघडून त्यातील ॲनॅलिटिक्सची आज्ञावली चालल्यावर. मधल्या काही सेकंदांत कंटाळून मागे गेलेला माणूस जाहिरातीच्या हिशेबात असतो, आपल्या हिशेबात नसतो. चटणीच्या बरणीचा मोबाइलने काढलेला फोटो कित्येकदा चार-पाच एमबीचा असतो, आणि असे आठ-दहा फोटो एकाच पानावर मूळ आकारात चढवले असतील तर एसटीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर ते पान उघडणारच नाही. फोटो लहान करून पुन्हा चढवणे हे एका दुपारचे काम आहे, आणि जाहिरातीची रक्कम वाढवण्याआधी ते करावे असा माझा आग्रह आहे.

काही फरक त्यानंतरही राहतोच. एकाच माणसाने दहा मिनिटांत दोनदा जाहिरात दाबली तर क्लिक दोन होतात, भेट एकच धरली जाते. ३० मिनिटे काहीही हालचाल झाली नाही तरच नवी भेट सुरू होते. काही लोकांचे ब्राउझर ॲनॅलिटिक्सची आज्ञावली चालूच देत नाहीत. शिवाय इन्स्टाग्राम आपली लिंक स्वतःच्या पोटातील ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे तोच माणूस रात्री क्रोममधून पुन्हा आला तर त्याची नवा माणूस म्हणून नोंद होते. ॲनॅलिटिक्सच्या सेटिंगमध्ये वेळ भारताची आहे ना, हेही एकदा पाहावे. ती अमेरिकेची राहिली असेल तर आपला दिवस आणि अहवालातील दिवस जुळणार नाहीत आणि रोजच्या तुलनेला अर्थ उरणार नाही.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीच्या लिंकवर ‘मीडियम’ म्हणून ‘पेड_सोशल’ लिहावे, म्हणजे ती वर्दळ ‘पेड सोशल’ या स्वतंत्र गटात पडेल आणि फुकटच्या पोस्टशी मिसळणार नाही. तिच्यासमोर ‘एंगेज्ड सेशन्स’ किती आहेत ते अवश्य वाचावे. जी भेट १० सेकंदांहून अधिक टिकली, किंवा जिच्यात दोन पाने पाहिली गेली, किंवा जिच्यात आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, ती येथे मोजली जाते. चटणी घेण्याच्या विचारात असलेले गिऱ्हाईक बहुधा याच आकड्यात सापडेल.

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमची ज्वारीची शेती आहे. थंडीत हुरडा पार्टी ठेवतो. लोक रील पाहून वेबसाइटवर येतात, पण बुकिंग फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर होते. थोडेच लोक ऑनलाइन आगाऊ रक्कम भरतात. कोणत्या रीलमुळे बुकिंग आले हे कळण्याची सोय आहे का? संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत क्यूआर कोडचा फलक लावण्याचाही विचार आहे.

उत्तर : अंशतः आहे. इन्स्टाग्रामच्या रीलखालच्या मजकुरात लिहिलेला पत्ता दाबता येत नाही, लोक आपल्या प्रोफाइलमधील लिंकवर जातात, आणि ती सर्व रीलना सामाईक असते. म्हणून एकेका रीलचे श्रेय काटेकोरपणे वेगळे काढता येत नाही. नवे रील टाकताना त्याच दिवशी स्टोरी टाकून तिच्यातील लिंकवर स्वतंत्र ‘कंटेंट’ खूण लावावी. आठवड्याच्या रीलनुसार प्रोफाइलच्या लिंकची खूण बदलावी. एवढ्याने बराच उलगडा होतो. फोन करणाऱ्याला ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?’ असे विचारून उत्तर वहीत टिपण्याची पद्धतही सोडू नये.

वेबसाइटवरील व्हॉट्सॲपचे बटण दाबले गेले की गूगल ॲनॅलिटिक्स ४ त्याची नोंद बाहेर जाणारा क्लिक म्हणून आपोआप घेऊ शकते. त्यातील ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ ही सेटिंग चालू असली म्हणजे झाले. फोनच्या बटणासाठी मात्र टॅग मॅनेजर या गूगलच्या साधनातून वेगळी मांडणी करून घ्यावी लागते. दोन्हींना ‘की इव्हेंट’ (महत्त्वाची कृती) म्हणून खूण करावी. २०२४ पर्यंत यालाच ‘कन्व्हर्जन’ म्हणत, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक व्हिडिओंत तो शब्द आढळेल. त्यानंतर कोणत्या लिंकवरून आलेल्यांनी बटण दाबले हे एकाच तक्त्यात दिसते.

आगाऊ रक्कम भरणाऱ्यांबाबत एक सापळा आहे. माणूस पैसे भरण्यासाठी पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, पानावर जातो आणि तेथून आपल्या ‘धन्यवाद’ पानावर परततो, तेव्हा ॲनॅलिटिक्सला वाटते की त्याला गेटवेनेच पाठवले, आणि बुकिंगचे श्रेय इन्स्टाग्रामऐवजी गेटवेच्या नावावर पडू शकते. ॲनॅलिटिक्समधील डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये ‘लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स’ ही नको असलेल्या उगमांची यादी आहे, त्यात गेटवेचा पत्ता लिहून ठेवावा.

फलकाच्या क्यूआर कोडमध्ये खुणेसह पत्ता भरावा : सोर्स ‘गड्डा-यात्रा’, मीडियम ‘क्यूआर’, आणि प्रत्येक फलकाच्या जागेनुसार वेगळे ‘कंटेंट’. ‘क्यूआर’ हा शब्द ॲनॅलिटिक्सच्या ठरलेल्या गटांत बसत नसल्यामुळे या भेटी ‘अनअसाइन्ड’मध्ये दिसतील. त्याची चिंता करू नये; ‘सोर्स / मीडियम’च्या रकान्यात त्या स्वच्छ सापडतात. कोड छापण्यापूर्वी दोन वेगळ्या मोबाइलवर वाचून पाहावा, कारण छापून झालेल्या फलकावरची चूक दुरुस्त होत नाही. आणि आजच ॲनॅलिटिक्समधील ‘डेटा रिटेन्शन’ची (तपशील किती काळ ठेवायचा याची) सेटिंग २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्यावी. ती तशीच राहिली तर ‘एक्सप्लोर’ विभागात या संक्रांतीची पुढच्या संक्रांतीशी बारकाईने तुलना करताना मागील वर्षाचा तपशील पुसला गेलेला असेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. अशा खुणा असलेली लिंक दाबली तर माझे नाव किंवा मोबाइल नंबर त्या दुकानदाराला कळतो का?

उत्तर : केवळ या खुणांमुळे कळत नाही. ‘व्हॉट्सॲपवरील अमुक ग्रुपमधून कोणीतरी आले’ एवढेच त्याला दिसते. गूगल ॲनॅलिटिक्स ४ आयपी पत्ता साठवून ठेवत नाही, आणि नाव, ईमेल, मोबाइल नंबर अशी ओळख पटवणारी माहिती ॲनॅलिटिक्समध्ये पाठवण्यास गूगलच्या अटींनुसार मनाई आहे. तरीही काही विक्रेते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी लिंक पाठवून तिच्यात त्याचा नंबरच घालतात. हे चुकीचे आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे त्याकडे गंभीरपणे पाहणे भाग आहे. हा स्तंभ वाचणाऱ्या दुकानदारांनीही ध्यानात घ्यावे की या खुणा पत्त्याच्या पट्टीत उघड दिसतात. गिऱ्हाईक, त्याचे शेजारी आणि आपला प्रतिस्पर्धी, सर्वांनाच त्या वाचता येतात. ‘उधारीवाले’ किंवा ‘जुने-थकीत’ असे ग्रुपचे खासगी नाव त्यात लिहिले तर ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच डोळ्यांसमोर जाते.

आपल्याला अशी लिंक कोणाला पुढे पाठवायची असेल आणि खूण नको असेल, तर पत्त्यातील ‘यूटीएम’ने सुरू होणारा शेवटचा भाग पुसून टाकावा. पान तेच उघडते.